मिस्त्रींची शिसारी

मिस्त्रींना जितक्या गोष्टींची शिसारी यायची, तितक्या गोष्टी मी तोवर नीट पाहिल्याही नव्हत्या. कपाच्या कानात साचलेला मळ, सायकलवर चिकटवलेला वाघाचा स्टिकर, हँडलला लोंबणारे रंगीत गोंडे, वायसर न बदलता पंपावर जोर काढणारा माणूस, दर वाक्याला 'सर' लावणारा माणूस. यातलं काहीही समोर आलं की त्यांचं नाक आक्रसायचं, खालचा ओठ पुढे यायचा आणि ते म्हणायचे, "शी!" अंगावरची मुंगी झटकावी तसा तो 'शी' येई आणि लगेच पुढचं काम सुरू होई. त्यांचे स्वतःचे हात मात्र कोपरापर्यंत काळे असत. त्याच हातांनी ते पोहे खात आणि माझ्या साबणाने धुतलेल्या हातांकडे संशयाने बघत.

शहरात, शहागंजातल्या एका बोळात त्यांचं दुकान होतं. शाळेच्या पोरांची पंक्चरं काढून पोट भरायचं आणि शर्यतीच्या सायकलींवर जीव टाकायचा, असा त्यांचा संसार. दुकानावर पाटी नव्हती. लांबलांबचे सायकलपटू एसटीच्या टपावर चाकं बांधून त्यांच्याकडे येत आणि बाहेरच्या फळीवर निमूट बसून राहत. एकदा मी म्हटलं, "मिस्त्री, एखादी पाटी लावा की." ते म्हणाले, "ज्याला गरज हाय त्याला घर सापडतं. ज्याला पाटी लागती त्यानं दुसरीकडं जावं."

मला ते पहिल्यांदा भेटले वैजापूरला. आमचं घर मेंढपाळाचं. वडील मेंढरं घेऊन रानोमाळ, आणि मी शाळेतून मिळालेल्या सायकलवर रोज गाव ते वैजापूर. तालुक्याच्या शर्यतीत मी दुसरी आले. बक्षीस घेऊन मार्केट यार्डाच्या भिंतीला सायकल टेकवली तेव्हा एक वाकलेला माणूस तिच्याकडे बघत उभा होता. त्याने मागचं चाक उचलून फिरवलं. चाक आठ काढत फिरलं. "शी!" तो म्हणाला. "ह्या सायकलीवर दुसरी आली? मग पहिलीला लाज वाटाया पायजे." माझं अभिनंदन करणारा त्या दिवसातला तो एकमेव माणूस होता, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

त्यांनीच वडिलांशी बोलून मला शहरात आणलं. पुंडलिकनगरात माझ्या चुलत्यांची दोन खोल्यांची जागा होती, तिथे मी राहू लागले. माझ्या गोधडीला मेंढरांचा वास यायचा आणि मला त्याची भयंकर लाज वाटायची. मिस्त्रींना या वासाची हमखास शिसारी येणार म्हणून मी दुकानात लांब उभी राहायचे. त्यांच्या ते लक्षात आलं. ते म्हणाले, "मेंढराच्या वासाला नाव ठेवायचं नाय. बापाला सांग, पुढल्या टायमाला न धुतलेली लोकर आन मूठभर." वडिलांनी पोतंभर आणली. त्या लोकरीतलं तेल मिस्त्री कातडी सीटवर चोळायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "बाटलीतलं सगळं झूट हाय. हे बघ, अस्सल." वडील त्या दिवशी बोळातून ताठ मानेने गेले.

मिस्त्रींचं खरं कसब सुलेशनमध्ये, म्हणजे रबर चिकटवायच्या डिंकात होतं. ट्रॅकवरच्या शर्यतीच्या सायकलचं टायर आपल्या सायकलसारखं रिममध्ये अडकत नाही. ते सुती कापडाचं असतं, त्याच्यात ट्यूब शिवलेली असते आणि ते सगळं कडं रिमला सुलेशनने चिकटवायचं असतं. चिकटवण्यात चूक झाली, तर वळणावर टायर रिम सोडतं आणि माणूस जातो. मिस्त्री रिमला सुलेशनचा एक हात द्यायचे आणि दिवसभर वाळवायचे. मग दुसरा हात, पुन्हा दिवसभर. मग तिसरा. टायरच्या पट्टीलाही तसंच. पाच दिवस लागायचे आणि त्या पाच दिवसांत पंतप्रधान आले असते तरी त्यांना फळीवर बसावं लागलं असतं. कुणी घाई केली की उत्तर ठरलेलं, "सुलेशन वाळतंय. तुला लई घाई असंल तर तू उन्हात जाऊन वाळ."

मुरलेलं रबर जास्त टिकतं म्हणून नवी टायरं ते वर्ष वर्ष मुरवत. कुठे, तर काकूंच्या लग्नातल्या पत्र्याच्या पेटीत, गोधड्यांच्या मधे. काकू, म्हणजे मिस्त्रींच्या पत्नी, मला म्हणायच्या, "बाई, माझ्या पेटीत साडी ठिवायला जागा नाय. दिवाळीला पेटी उघडावं तर रबराचा वास." काकूंचा आवाज तक्रारीचा असायचा, पण पेटीची किल्ली त्यांच्याच कमरेला असायची आणि टायर काढायला त्यांची परवानगी लागायची.

सत्काराच्या शालींची मिस्त्रींना वेगळी शिसारी होती. वर्षाकाठी एखादी शाल त्यांच्याही खांद्यावर पडायची. एक त्यांनी चेन पुसायला घेऊन बघितली आणि फेकून दिली. "हिला तेल प्यायची सुदिक अक्कल नाय," म्हणाले. एवढं बोलणारा माणूस स्वतः मात्र खोटं बोलत नसे. चाक वाकडं असेल तर वाकडं म्हणायचे, आणि पाय कच्चे असतील तर कच्चे. राज्य शिबिराच्या आदल्या दिवशी मी विचारलं, "मिस्त्री, निवड होईल ना माझी?" ते म्हणाले, "नाय." झालीही नाही. पुढच्या वर्षी विचारलं तेव्हा म्हणाले, "व्हईल." त्या वर्षी झाली.

मग ते वर्ष आलं. अनेक देशांचे खेळाडू चार वर्षांतून एकदा जिथे जमतात, ते मोठे खेळ. आम्ही त्यांना नुसतं 'गेम्स' म्हणायचो. केरिन नावाच्या शर्यतीसाठी माझी निवड झाली. त्यात पुढे एक मोटारसायकल वेग वाढवत धावते, मागे आम्ही सहाजणी एकमेकींच्या चाकाला चाक लावून, आणि मोटारसायकल बाजूला झाली की जीव खाऊन सुटायचं. सायकलला ब्रेक नाही आणि ट्रॅक वळणावर भिंतीसारखा चढलेला. आणि या गेम्सला संघाचे मेकॅनिक म्हणून मिस्त्रींचंही नाव यादीत आलं. साठीला टेकलेल्या त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला. त्यातल्या फोटोतही नाक आक्रसलेलं होतं.

मिस्त्रींना परदेश बघायचा नव्हता. त्यांना लाकडाचा ट्रॅक बघायचा होता. त्यांनी पाहिलेले सगळे सिमेंटचे. लाकडाच्या फळ्यांवर चाक कसं वाजतं, हे त्यांनी लोकांकडून फक्त ऐकलं होतं. "मला शर्यत बी दाखवू नका," ते म्हणायचे. "पोरी निजल्यावर मला एकदा आत सोडा. हात फिरवून बघतो आन् येतो." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर 'शी'चा मागमूस नसायचा. मी त्यांना इतकं कोवळं कधीच पाहिलं नव्हतं.

निघायला तीन दिवस होते. संघटनेने एका मंगल कार्यालयात माझा निरोपसमारंभ ठेवला. संघटनेचे सचिव म्हणजे सायकलवर कधी न बसलेला आणि सायकलपटूंच्या प्रत्येक फोटोत मधोमध बसलेला गृहस्थ. माझी सायकल त्यांनी सकाळीच मागवून घेतली होती. व्यासपीठावर लाल सॅटिनच्या कापडावर ती उभी होती. हँडलला झेंडूचा हार, सीटवर हळदकुंकू, पुढ्यात नारळ. आणि टायरं चमकत होती. नव्या मोटारीची चमकतात तशी. पाहुणे पूजन करणार, फोटो निघणार, म्हणून सचिवांनी माणूस लावून टायरांना मोटारीच्या दुकानातलं पॉलिश मारून घेतलं होतं.

मी ते बघितलं. त्या पॉलिशने टायर गुळगुळीत होतं, हे शाळकरी पोरालाही कळेल. मी गप्प बसले. वाटलं, नंतर पुसून घेऊ. मिस्त्री उशिरा आले, धुतलेला सदरा घालून. दारातच ते थांबले. मग मधल्या वाटेने सरळ व्यासपीठावर चढले, टायरवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं.

"हे कुणी केलं?"

सचिव हसतच म्हणाले, "मिस्त्री, नंतर बोलू. साहेब आलेत."

"नंतर म्हंजी कवा? पोरगी पडल्यावर? हे सुतात मुरतं सायेब. तिथून सुलेशनला लागतं. आता पुसून नाय निघत." आणि पाहुण्यांच्या खुर्चीवर अंथरलेल्या पांढऱ्याशुभ्र टॉवेलला त्यांनी आपलं बोट पुसलं. चांगला काळा पट्टा उमटला. सभागृहात कुणीतरी हसलं.

पाहुण्यांनी विचारलं, "काय भानगड आहे?" सचिवांचा चेहरा क्षणभर उतरला आणि मग त्यांना सुचलं. त्यांनी माईक माझ्यासमोर धरला. "सायकल त्यांची आहे. त्यांनाच विचारू. ताई, टायरला काही अडचण आहे का?"

मिस्त्री माझ्याकडे बघत होते. सचिवही बघत होते, आणि त्यांच्या बघण्यात सगळं होतं. यादीत नाव घालणारा हात यादीतून नाव काढूही शकतो, हे मला मेंढपाळाच्या पोरीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. वडील पहिल्या रांगेत नव्या टोपीत बसले होते.

मी म्हटलं, "नाही सर. चालेल."

त्या सभागृहात टाळ्या पडल्या. कशाला पडल्या, ते त्या टाळ्या वाजवणाऱ्यांनाच ठाऊक. मिस्त्री 'शी'सुद्धा म्हणाले नाहीत. आले त्याच वाटेने निघून गेले. पाहुण्यांनी नारळ फोडला, त्याचं पाणी चेनवर सांडलं, फोटो निघाले. मी त्या फोटोत हसते आहे. तो फोटो आजही संघटनेच्या कचेरीत लावलेला आहे आणि तिथे गेले की मी त्याच्याकडे पाठ करून बसते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्रींना पत्र मिळालं. मान्यवरांशी गैरवर्तन, म्हणून नाव वगळण्यात येत आहे. त्यांच्या जागी सचिवांचा मेहुणा. तो मोटारींच्या सुट्या भागांचा व्यापारी होता. सायकलला चाकं दोन असतात एवढं त्याला माहीत असावं.

निघायच्या दिवशी सकाळी मिस्त्री पुंडलिकनगरात आमच्या दाराशी उभे होते. जुन्या चादरीत गुंडाळलेली दोन चाकं त्यांच्या हातात. पेटीतली सगळ्यात जुनी, मुरलेली टायरं, महिन्यापूर्वीच चिकटवून टांगलेली. गेम्सला स्वतःसोबत नेण्यासाठी ठेवलेली ती जादा जोडी होती. त्यांनी ती चाकं माझ्या सायकलला लावली, पॉलिशची काढून घेतली. अंगठ्याने टायर चारी बाजूंनी रेटून बघितलं. मी "मिस्त्री" म्हणाले तर म्हणाले, "विमानात हवा काढून ठिव. उतरल्यावर भर." आणि गेले. चहासुद्धा घेतला नाही.

गेम्समध्ये मेहुण्याने अत्तरं घेतली, घड्याळं घेतली, गळ्यातल्या ओळखपत्रासकट दोनशे फोटो काढून घेतले. चेनचा ताण बघ म्हटलं तर म्हणाला, "ताई, कंपनीची फिटिंग आहे, हात कशाला लावायचा?" मी माझी सायकल स्वतः बघितली. अंतिम फेरीत मी पोचले. शेवटच्या वळणावर वरून कुणीतरी मला खांद्याने रेटलं, सायकल त्या भिंतीवर तिरपी झाली, आणि टायर जागचं हललं नाही. मी पाचवी आले. पदक नाही, पण दोन्ही पायांवर चालत बाहेर आले.

परत आल्यावर चार दिवस मी शहागंजाकडे फिरकले नाही. पाचव्या दिवशी चाकं घेऊन गेले. मिस्त्रींनी चाकं घेतली, रिम आणि टायरच्या सांध्यावर नख फिरवलं, मान हलवली. मी म्हटलं, "मिस्त्री, त्या दिवशी मी घाबरले." ते म्हणाले, "ठाऊक हाय." मी म्हटलं, "मला माफ करा." ते चाक बाजूला ठेवून माझ्याकडे वळले.

"तू बोलली असतीस तर तुला बी घरी बसवलं असतं. समजतंय मला. पर तू 'चालेल' म्हणली ना, तवा मला तुझी शिसारी आली. खोटं कशाला सांगू? अजून बी येती."

मी तिथेच उभी राहिले. त्यांनी दुसरं चाक घेतलं, तारा एकेक करून ओढून बघितल्या. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "लाकूड कसलं व्हतं?"

"मी हात फिरवून बघितला मिस्त्री. गुळगुळीत. आणि गरम."

"गरम?"

"आत सगळं गरम ठेवतात. चाक गेलं की फळ्या गुणगुणतात."

"गुणगुणतात," ते म्हणाले. मग नाक पुसलं आणि मला फळीवर बसायला सांगितलं.

त्यानंतरही मी जात राहिले. माझं काम त्यांनी कधी अडवलं नाही, आणि त्यांची शिसारी ओसरली का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. एका गोष्टीचं मात्र नवल वाटायचं. शहागंजातला एकही माणूस, शिबिरातली एकही मुलगी, आमच्या घरातलं कुणी, मला त्या 'चालेल'बद्दल कधी काही बोललं नाही. लोकांची जीभ कशी असते ते मला माहीत आहे. मला वाटलं, विसरले असतील. मी सुटकेचा श्वास घेतला आणि त्या श्वासाचीही मला लाज वाटली नाही.

गेल्या हिवाळ्यात मिस्त्री गेले. थोडे दिवस आजारी होते, मग गेले. संघटनेने शोकसभा ठेवली. तेच मंगल कार्यालय, तेच सचिव, फक्त केसांना आता कलप. हार घातलेल्या फोटोशेजारी उभे राहून ते म्हणाले, "आपल्या मातीतला हा कारागीर. गेम्सपर्यंत पोचलेला आपला पहिला मेकॅनिक." पहिला मेकॅनिक! ज्याला त्यांनी दारातून परत पाठवलं, त्याला मेल्यावर विमानात बसवलं. मी उठले आणि माईक मागून घेतला.

सगळं सांगितलं. पॉलिश, पत्र, मेहुणा. आणि मी 'चालेल' म्हणाले ते. "मिस्त्री खरं बोलत होते, मला ते ठाऊक होतं, आणि माझी जागा जाईल म्हणून मी त्यांना एकटं पाडलं. कुणी सांगितलं नव्हतं मला. माझं मी केलं," असं म्हणाले. मला वाटलं, आता गदारोळ होईल. सचिवांनी मान डोलावली, "ताईंच्या भावना आपण समजू शकतो," म्हणाले, दोन मिनिटं शांतता झाली आणि मागच्या बाजूला चहा आहे अशी सूचना आली. लोक उठले. मला आता कुणी यादीतून काढू शकत नव्हतं, माझं खेळणं थांबल्यापासून याद्याच संपल्या होत्या, आणि फुकटचं खरं बोलून मी मोकळी झाले होते. तरीही खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी हलकं वाटलं होतं.

पायऱ्यांशी काकू उभ्या होत्या. मी वाकले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला नाही.

"ते सगळ्यांना सांगायचे," काकू म्हणाल्या, "की मीच तिला डोळ्यानं सांगितलं व्हतं, तू गप ऱ्हा, दोघं बी घरी बसण्यापरीस एकानं तरी जावं. शहागंजात कुणी तुझं नाव काढलं की त्याच्या अंगावर जायचे. तुझ्या बापाला तेच सांगितलं. दुकानात येणाऱ्या पोरींना तेच. मला बी."

मी विचारलं, "मग काकू, तुम्हाला खरं कधी कळलं?"

"आत्ता," त्या म्हणाल्या. "तू माईकवर बोललीस तवा."

उभ्या जन्मात त्या माणसाने बोललेलं ते एकच खोटं, आणि ते माझ्यासाठी. ज्या सभेत सगळे त्याच्याबद्दल बरं बोलत होते, तिथे उभं राहून मीच त्याला त्याच्या बायकोसमोर खोटं पाडलं होतं.

काकूंनी पदर सारखा केला आणि रिक्षाकडे चालू लागल्या. मी हात धरायला पुढे झाले. "ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या, "मी जाते."